येतंय त्याला, सांगू नका

"थांबा, सांगू नका. येतंय त्याला."

हे म्हणताना आप्पांचा उजवा हात वर जायचा. चौकातल्या पोलिसासारखा नव्हे. पाळण्यातलं मूल नुकतंच झोपलेलं असावं आणि दारातून कुणी मोठ्यानं बोलत यावं, तेव्हा आपण त्याला जसा हात दाखवतो, तसा. हात असायचा उत्तर येणाऱ्यांकडे आणि नजर असायची उत्तर न येणाऱ्याकडे. तो बिचारा डोकं खाजवत असायचा, छताकडे बघत असायचा, आणि आप्पा त्याच्याकडे असे झुकून बघायचे की जणू उत्तर त्याच्या तोंडातून बाहेर पडताच ते ओंजळीत झेलणार आहेत.

तुमच्याही ओळखीत पुष्कळ माहिती असलेली माणसं असतील. त्यांना दुसऱ्याचं अडखळणं सहन होत नाही. तुम्ही आठवू लागलात की ती पटकन सांगून मोकळी होतात. आप्पांकडे माहिती कमी नव्हती, पण त्यांना स्वतः सांगण्यापेक्षा समोरच्याला आठवताना बघण्यात गोडी होती. अशी गोडी असलेला दुसरा माणूस मला अजून भेटलेला नाही.

सिल्वासा तेव्हा नुकतं कारखान्यांचं गाव होऊ लागलं होतं. आमचा कारखाना राखोलीच्या रस्त्यावर होता. पॉलिएस्टरचं सूत तयार व्हायचं. मी नाशिकहून वस्त्रोद्योगाची पदवी घेऊन आलेला, पंचविशीचा, स्वतःवर बेहद्द खूश असलेला इंजिनियर. आप्पा टाइम ऑफिसचे प्रमुख. म्हणजे कोण किती वाजता आलं, कोण गेलं, कुणाची पाळी बदलली, हे सगळं त्यांच्या खिडकीतून चालायचं. मूळचे खानदेशातले, पन्नाशीला टेकलेले, इतिहासाचे एम. ए. "भो" म्हटल्याशिवाय त्यांचं वाक्य संपायचं नाही. सगळे त्यांना आप्पाच म्हणत. त्यांचं खरं नाव मी इथे लिहीत नाही.

टाइम ऑफिसातही त्यांची ती सवय सुटली नव्हती. एकदा नंदुरबारकडचा एक कामगार उशिरा आला. आप्पांनी खिडकीतून विचारलं, "का रे भो, उशीर का?" तो गप्प. मागून त्याचा दोस्त कुजबुजला, "सायकल पंक्चर, सायकल पंक्चर."

आप्पांचा हात वर. "थांब, तू सांगू नको. येतंय त्याला."

मागे रांग वाढत चालली. मशिनं सुरू व्हायची वेळ झाली. शेवटी तो पोरगा मान खाली घालून म्हणाला, "साहेब, झोप लागली."

"शाब्बास! बरोबर उत्तर," आप्पा म्हणाले. "लेट मार्क मात्र राहील हं."

ते वैताग आणायचेही. वापीहून येणारं वर्तमानपत्र आधी त्यांच्याकडे जायचं आणि टेंडर नोटिशींसकट वाचून झाल्याशिवाय पुढे सरकायचं नाही. सिनेमातल्या नटाचं नाव आपण सांगायला गेलो तर चिडायचे, "सांगू नका हो, मला आठवू द्या," आणि मग तिसऱ्या दिवशी मशिनच्या खडखडाटात येऊन कानात ते नाव ओरडायचे. वहिनी म्हणायच्या, "आमटीत मीठ नाही, एवढंसुद्धा यांना सांगायची सोय नाही. स्वतः ओळखणार. तोवर आमटी गार."

बाजारात चर्चजवळ एक म्हातारे राहायचे. पोर्तुगीज अमलात कचेरीत कारकून होते. आप्पा रविवारी त्यांच्या ओट्यावर बसून पोर्तुगीज शब्द गोळा करायचे. मीही एकदोनदा सोबत गेलो. चहावाला आला की म्हातारे दोन्ही खिसे बाहेर काढून दाखवायचे आणि म्हणायचे, "आप्पा, आजे दिन्येरु नथी." दिन्येरु म्हणजे पैसा. गुजरातीत पोर्तुगीज मिसळलेलं ते वाक्य आप्पांना इतकं आवडायचं की पगाराच्या आदल्या आठवड्यात तेही आम्हाला खिसे काढून दाखवायचे. मला तो सगळाच रिकामटेकडेपणा वाटायचा.

पण त्यांचं खरं राज्य म्हणजे शनिवारची संध्याकाळ. कॉलनीच्या क्लबला एक व्हरांडा होता. तिथे आप्पा प्रश्नमंजुषा घ्यायचे. मॅनेजरांची मुलं, कामगारांची मुलं, पहिली पाळी संपवून आलेले ऑपरेटर, भाजीची पिशवी घेऊन टेकलेल्या बायका, सगळे एकाच सतरंजीवर. बरोबर उत्तराला लिमलेटची गोळी, चुकीच्या उत्तराला पण गोळी. गप्प बसणाऱ्यालाच काही नाही. कॉलनीत बाकी सगळीकडे मॅनेजरची बायको आणि ऑपरेटरची बायको वेगवेगळ्या बाजूला बसत. आप्पांच्या सतरंजीवर तसं कधी दिसलं नाही. पाड्यावरून आलेली एखादी बुजरी मुलगी उत्तर शोधत असायची, जी. एम.चा मुलगा हात उंचावून "मी सांगू, मी सांगू" करत असायचा, आणि आप्पांचा तळवा त्याच्या दिशेनं स्थिर. "थांब रे राजा, सांगू नको. येतंय तिला." आणि बहुतेक वेळा तिला यायचं.

अशात मुंबईच्या दूरदर्शन केंद्रावर कारखान्यांमधल्या लोकांसाठी प्रश्नमंजुषेचा कार्यक्रम सुरू झाला. प्रत्येक कारखान्याचे दोघं जण. आमच्या मुख्य कचेरीनं नाव पाठवलं आणि बोलावणं आलं. आप्पा जाणार हे ठरलेलंच होतं. दुसरा म्हणून त्यांनी मला निवडलं. जी. एम. त्यांना म्हणाले, "सूत-बित विचारलं तर हा आहेच." आप्पा म्हणाले, "तेवढ्यासाठीच घेतोय भो. मला पोलिएस्टर फक्त शर्टापुरतं माहीत."

स्टुडिओत गेल्यावर आमच्या तोंडाला पावडर लावली. आप्पा आरशात बघून म्हणाले, "लग्नातसुद्धा इतका गोरा नव्हतो." आत विलक्षण गारठा होता. चार संघ होते. नियम असा की दोघांनी आपसात हळू बोलायचं, पण उत्तर फक्त कॅप्टननं द्यायचं, समोरच्या माईकमध्ये. कॅप्टन अर्थात आप्पा. माईक त्यांच्यापुढे, मी त्यांच्या डाव्या हाताला.

आम्ही चांगले खेळलो. हे मी आज अभिमानानं नाही, वाईट वाटून लिहितो, कारण पुढे ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही. औषध कंपनीचा संघ पहिल्याच फेरीत गळपटला. त्यातल्या एका गृहस्थांचा आवाजच फुटेना. ते बोलू लागेपर्यंत वेळ संपली, तेव्हा आप्पांचा हात सवयीनं टेबलावरून वर उठलेला मी पाहिला. प्रश्नकर्त्यांना थोपवायला निघाला होता तो हात. साखर कारखान्याचे दोघे मात्र तयारीचे होते. त्यांच्यात आणि आमच्यात चढाओढ होती. आप्पांनी गड, नद्या, राजवटी अशी उत्तरं एकामागून एक दिली. विज्ञानातली दोन मी त्यांच्या कानात सांगितली. शेवटच्या फेरीला आम्ही दोघे संघ बरोबरीत आलो.

आणि आम्हाला प्रश्न आला. प्रश्नकर्ते हसून म्हणाले, "हा तर तुमच्या घरचाच आहे. सुताची जाडी मोजायचं डेनिअर हे जे एकक आहे, त्याला हे नाव कशावरून पडलं?"

नऊ किलोमीटर लांबीच्या धाग्याचं वजन जितके ग्रॅम, तितक्या डेनिअरचा तो धागा. आमच्या प्रत्येक बॉबिनवर तो आकडा चिकटवलेला असायचा. दिवसभरात तो शब्द मी किती वेळा उच्चारत असेन, सांगता येत नाही. तो आला कुठून, हे मात्र मनात कधी आलं नव्हतं. पण मला ते येत नाही, हेही मला त्या क्षणी कळलं नाही. ज्या शब्दात आपण रोज वावरतो, तो आपल्याला माहीतच असतो असं वाटतं.

आप्पा डोळे मिटून बसले. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "नाणं असेल का हो? दिन्येरु... म्हातारबाबा म्हणतात ना, दिन्येरु. दिन्येरु, डेनिअर. जुनं काही नाणं असेल, वजनाला वापरत असतील."

मला हसूच आलं. चर्चजवळच्या ओट्यावरचा म्हातारा, त्याचे रिकामे खिसे, आणि माझी पदवी! मी म्हणालो, "आप्पा, हा माझा विषय आहे. वॉट, व्होल्ट, ओहम, तसंच हे. शास्त्रज्ञाचं नाव आहे."

"नक्की?"

"नक्की. सांगा लवकर."

ते अजून थांबले होते. मला आठवू द्यायचं होतं त्यांना. मी त्यांचं मनगट धरलं आणि माईककडे ढकललं. हो, ढकललं. आप्पांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि माईकमध्ये स्वच्छ आवाजात म्हणाले, "एका शास्त्रज्ञाच्या नावावरून."

"अरेरे," प्रश्नकर्ते म्हणाले. "सुताच्या कारखान्यातून आलात ना आपण? जुन्या फ्रेंच नाण्यावरून!" समोरचे प्रेक्षक हसले. पुढचं एक उत्तर साखरवाल्यांनी दिलं आणि ते जिंकले.

निघताना तिथल्या बाईंनी बजावलं, कार्यक्रम दाखवायला काही आठवडे लागतील, तोवर निकाल कुणाला सांगायचा नाही. परतीच्या गाडीत आप्पांनी घोलवडला चिकू घेतले. मी खिडकीबाहेर बघत होतो. त्यांनी एक चिकू पुसून माझ्या हातात ठेवला. "चुकलं तर चुकलं भो. उत्तर तर कळालं." मनगटाचा विषय त्यांनी काढला नाही. मी माफी मागितली नाही. मला वाटलं, तेच मला समजावतायत म्हणजे त्यात मागण्यासारखं काही उरलं नाही.

कारखान्याच्या गेटवर लोक जमले होते. "काय झालं आप्पा? जिंकलो का?"

आप्पांनी दोन्ही हात वर केले. "टीव्हीवर बघा. सांगू नका म्हटलंय."

ते थांबले, पण मी थांबू शकलो नाही. दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये आमच्या खात्यातल्या मुलांनी मला घेरलं. "साहेब, आम्हाला तरी सांगा. आम्ही कुणाला नाही सांगत." मी चहा ढवळत म्हणालो, "थोडक्यात गेलं. डेनिअरच्या प्रश्नावर." ती चकित झाली. डेनिअरच्या प्रश्नावर? तुम्ही असताना? माझ्या कानशिलांना ऊब चढली. मी म्हणालो, "उत्तर कॅप्टन देतो. कॅप्टन आप्पा होते ना."

एवढंच बोललो. त्यात खोटा शब्द एकही नाही. गेली कित्येक वर्षं मी त्या वाक्यात खोटा शब्द शोधतो आहे, म्हणजे निदान तेवढ्याला तरी नाव ठेवता येईल.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी क्लबात मुंगीला शिरायला जागा नव्हती. मुंबईचं केंद्र दिसावं म्हणून गच्चीवर उंच बांबूला अँटेना बांधला होता आणि दोन ऑपरेटर तो फिरवत होते. खालून आरोळ्या. "डावीकडे! अजून! मुंग्या येतायत रे!" "आता?" "आता आप्पा दिसले! थांब, हात सोडू नको!"

आप्पा पुढच्या रांगेत वहिनींसोबत, मी मागे भिंतीला टेकून. चांगल्या उत्तरांना टाळ्या पडत होत्या. आता तो प्रश्न येणार. आता दिसणार, माझं कुजबुजणं, माझा हात, त्यांचं मनगट. सगळ्या कॉलनीला दिसणार.

प्रश्न आला. आणि पडद्यावर फक्त आप्पांचा चेहरा आला. पडदाभर. मिटलेले डोळे, मग उघडलेले, मग डावीकडे एक नजर. मी त्या चौकटीत नव्हतोच. दिसत होता एक विचारात पडलेला माणूस, जो बराच वेळ घेऊन माईकमध्ये म्हणतो, "एका शास्त्रज्ञाच्या नावावरून."

मला सुटल्यासारखं वाटलं. वाचकहो, मी काय केलं त्यापेक्षा त्या घटकेला मला काय वाटलं, ते मला जास्त टोचतं. छातीवरचा दगड कुणी उचलावा तसा मी मोकळा श्वास घेतला.

हशा झाला. जी. एम. पुढे वाकून म्हणाले, "अहो आप्पा, बाजूला इंजिनियर बसला होता, त्याला विचारायचं तरी!" पुन्हा हशा. माझ्या खात्यातली मुलं वळून माझ्याकडे बघून मान हलवत होती. मला वाटलं, आप्पा आता वळतील आणि म्हणतील, त्यालाच विचारलं होतं भो. आप्पा वळले नाहीत. ते म्हणाले, "राहिलं खरं," आणि वहिनींची चप्पल शोधू लागले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांचं नाव 'शास्त्रज्ञ' पडलं. सुरुवातीला ती प्रेमातली थट्टा होती. रांगेतून कुणी म्हणायचं, "शास्त्रज्ञ, कार्ड द्या." पुढे नव्यानं येणाऱ्यांना कारणही माहीत नसायचं, नाव तेवढं माहीत. आणि शनिवारी व्हरांड्यात आप्पांनी हात वर करून "थांबा, सांगू नका" म्हटलं की मागून एखादा टारगट पोरगा ओरडायचा, "शास्त्रज्ञाचं नाव!" सतरंजी हसायची. अडखळणारं मूल हसणाऱ्यांना घाबरून गप्प व्हायचं. आप्पांचा हात वरच राहायचा, पण त्या हाताला आता कुणी जुमानत नव्हतं. जी. एम.चा मुलगा पहिला यायचा बंद झाला, मग त्याच्या बरोबरीचे, मग मॅनेजरांच्या बायका. उरलेल्या चार मुलांना घेऊन आप्पा काही दिवस बसले. पुढच्या पावसाळ्यात सतरंजी ओली झाली म्हणून शनिवार राहिला, तो राहिलाच. व्हरांड्यात कॅरम आला.

मी तेव्हा बोलू शकलो असतो. एका शनिवारी उभं राहून एक वाक्य म्हणायचं होतं. पण शिफ्ट इनचार्जच्या जागेसाठी माझं नाव चाललं होतं आणि स्वतःच्या सुताचं नाव न येणारा इंजिनियर व्हायची माझी तयारी नव्हती. जी. एम. मला म्हणाले, "माईक तुमच्यासमोर ठेवायला हवा होता." मी म्हणालो, "जाऊ द्या सर, वयस्कर माणूस आहे." मोठेपणा दाखवला मी. माझ्या चुकीबद्दल आप्पांना माफ केलं.

जागा मला मिळाली. आप्पांनी पेढा मागून घेतला.

बरीच वर्षं गेली. माझं लग्न झालं, मुलगी झाली. ती बोलायला लागली, तेव्हा एकदा रंगाचं नाव आठवत थबकली आणि मी पटकन सांगून टाकलं. तिचा चेहरा पडला. त्या दिवशी मला आप्पांचा हात इतका लख्ख आठवला की मला जेवण गेलं नाही.

आप्पांची निवृत्ती जवळ आली होती. एका सुट्टीच्या दिवशी मी त्यांना स्कूटरवर घेऊन दुधनीला गेलो. धरणाच्या पाण्याकाठी बसलो. एक कोळी होडीत बसून जाळं नीट करत होता. मी खूप आढेवेढे घेतले आणि शेवटी सगळं सांगितलं. नाणं तुम्ही म्हणाला होता. शास्त्रज्ञ मी म्हणालो. मनगट मी ढकललं. कँटीनमध्ये मी ते वाक्य बोललो.

आप्पा ऐकत होते. मग माझ्याकडे वळून अगदी साधेपणानं म्हणाले, "हे मला कशाला सांगता भो? मला माहीतच आहे. मी तिथेच बसलो होतो."

मी पायाशी पडलेला एक खडा उचलून पाण्यात टाकला.

"ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा," ते म्हणाले. रागानं नव्हे. प्रश्नमंजुषेत एखाद्या मुलाला प्रश्न पुन्हा नीट वाचून दाखवावा, तसं. मग उठून पँट झटकली. "चला, उन्हं उतरायच्या आत राखोली गाठू. तुमच्या स्कूटरचा दिवा मला काही खरा दिसत नाही."

परत येताना स्कूटर चालवतच मी मागे बसलेल्या आप्पांना वचन दिलं. निरोप समारंभात सांगतो. सगळ्यांसमोर. वाऱ्यात त्यांना ऐकू गेलं की नाही, ठाऊक नाही. माझ्या खांद्यावरची त्यांची पकड जरा घट्ट झाली. रस्ता खराब होता, त्यामुळेही असेल.

निवृत्तीनंतर ते गावी गेले आणि दोनच हिवाळे पाहून वारले. मला महिन्यानं कळलं. मी भेटायला गेलो. वहिनींनी चहा केला. इकडची तिकडची चौकशी झाल्यावर म्हणाल्या, "तुम्ही दोघं टीव्हीवर गेला होता, ते दिवस काय छान होते नाही? तेवढं एक उत्तर चुकलं बघा यांचं."

कप माझ्या हातात तसाच राहिला. त्यांनी घरीसुद्धा सांगितलं नव्हतं.

मी वहिनींना सांगितलं. ज्यांना माहीत नव्हतं, त्यातल्या त्या पहिल्या. त्या बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. मला वाटलं, मला घराबाहेर काढतील. तेच बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "मीसुद्धा हो. मीसुद्धा चिडवायचे त्यांना. मीठ कमी पडलं आणि ते ओळखत बसले की म्हणायचे, बसा शास्त्रज्ञ, शोधा. ते हसायचे नुसते. एका शब्दानं बोलले नाहीत."

दुसरे तुम्ही. म्हणून हे लिहिलं. यानं आप्पांचे शनिवार परत येत नाहीत, हे मला कळतं.

आप्पा डोळ्यांपुढे येतात ते मात्र शेवटच्या आजारपणातले नाहीत, ते मी पाहिलं नाही. ते येतात निरोप समारंभातले. क्लबचा तोच हॉल. आप्पांच्या गळ्यात झेंडूचा हार, मांडीवर नारळ, शेजारी वहिनी. जी. एम.नी भाषणात 'आपले शास्त्रज्ञ' म्हटलं आणि हॉल हसला. मग माझं नाव पुकारलं. मी माईकपाशी गेलो. या वेळी माईक माझ्यापुढे होता.

"आप्पांबद्दल सांगायचं तर," मी सुरुवात केली. "आम्ही दोघे त्या कार्यक्रमाला गेलो होतो, तेव्हा..."

आणि थांबलो. माझ्या खात्याची माणसं समोर होती. आता ती माझ्या हाताखाली होती. माझी बायको होती. माझ्या घशातून आवाज येईना. मला ते औषध कंपनीचे गृहस्थ आठवले.

मागून कुणीतरी ओरडलं, "शास्त्रज्ञाचं नाव!" हशा उसळला. आणखी कुणीतरी टाळ्या वाजवल्या, म्हणजे मी आटोपावं.

तेव्हा आप्पा खुर्चीत पुढे झुकले. हार नारळावर लोंबला. उजवा हात वर गेला, तळवा हसणाऱ्यांकडे, बोटं किंचित वाकलेली. नजर माझ्याकडे. कित्येक वर्षांत त्यांनी तो हात तसा वर केला नव्हता.

"थांबा," ते म्हणाले. "सांगू नका. येतंय त्याला."

हॉल शांत झाला. खरोखर शांत झाला. सगळे माझ्याकडे बघू लागले.

मी म्हणालो, "आप्पांचा स्वभाव फार प्रेमळ आहे. त्यांना दीर्घायुष्य लाभो." आणि जागेवर जाऊन बसलो.

टाळ्या झाल्या. पुढच्या वक्त्याचं नाव पुकारलं गेलं. मी मान वर करून पाहिलं, तर आप्पांचा हात अजून वरच होता.